फळ्यावर नाव कोणाचं?

गेल्या उन्हाळ्यात आमच्या गावच्या तालमीची डागडुजी झाली. पत्रे बदलले, हौद्यातली जुनी माती उपसून नवी लाल माती भरली, तिच्यात रिवाजाप्रमाणे तेल, ताक, हळद, लिंबू कालवून झालं. सगळं नीटनेटकं झाल्यावर दारासमोरची भिंत उघडी वाटायला लागली. तिथे एक संगमरवरी फळा लावायचा आणि त्यावर खंडाळा तालुक्यातल्या नामवंत मल्लांची नावं कोरायची, असं पंचमंडळींनी ठरवलं. मी चार ओळी लिहितो हे गावाला माहीत आहे. त्यामुळे यादीचं काम माझ्या गळ्यात पडलं.

कोरणाऱ्याने सांगितलं, अक्षर लांबून वाचता यायला हवं असेल तर चोवीस ओळी मावतील. मी गावोगावच्या ओळखीच्या लोकांना निरोप पाठवले. आठवड्याभरात सत्त्याण्णव नावं आली. शिरवळकडून आली, लोणंदकडून आली, खंबाटकी घाटाच्या दोन्ही अंगांनी आली. प्रत्येक नावाबरोबर एक हकिकत होती. कुणाच्या आजोबांनी पंजाबच्या मल्लाला घिस्सा मारला होता, कुणाचे चुलते रोज दोन हजार जोर मारत. एकाने आपल्या थोरल्या भावाचं नाव दिलं. त्या भावाने आयुष्यात लढलेल्या कुस्त्या म्हणजे जत्रेतल्या रेवडीवरच्या दोन, आणि त्यातली एक तो हरला होता. हे त्यानेच मोठ्या प्रेमाने सांगितलं.

माझा भाचा तेव्हा सुट्टीला आला होता. पुण्यात शिकतो. शिकण्याहून जास्त मोबाइलवर खेळतो, असं माझ्या बहिणीचं म्हणणं. त्याने ती सत्त्याण्णव नावांची वही पाहिली आणि आमच्या घरच्या दखनीत म्हणाला, "मामू, पहले रूल लिखो, बादमें नावां."

त्याला हे कळायचं कारण मला तेव्हा समजलं. हा मुलगा ज्या व्हिडिओ गेमचा नाद करतो, त्या गेमचा एक विकी आहे. म्हणजे खेळणाऱ्यांनीच मिळून लिहिलेला कोश. त्यात स्पर्धांमध्ये उतरणाऱ्या खेळाडूंची पानं असतात आणि ती पानं तपासणाऱ्यांत हा एक. रोज पाचपन्नास पोरं आपलं नाव त्यात घुसवू पाहतात, म्हणून त्यांनी नियम केलेत. स्पर्धा गेम काढणाऱ्या कंपनीची किंवा तिने मान्यता दिलेली हवी. पहिल्या आठात आलेला हवा. निकालाचा पुरावा हवा, नुसतं 'सगळ्यांना माहीत आहे' चालत नाही. आणि शेवटचा नियम असा की, स्वतःचं किंवा आपल्या नात्यातल्या, दोस्तीतल्या माणसाचं पान आपण लिहायचं नाही. पुरावा पुढे ठेवायचा आणि निर्णय दुसऱ्याने घ्यायचा.

मी हसलो. शड्डू ठोकणाऱ्या माणसांना या पोरांचे नियम कसे लागू पडणार? पण रात्री वही घेऊन बसलो तेव्हा लक्षात आलं की, कुस्तीतही अशी नियमांची यादी आधीपासून आहे. आपण तिला नियम म्हणत नाही एवढंच. आपण तिला गदा म्हणतो.

आमच्याकडे मोठा पैलवान म्हणजे गदा मिळवलेला. हिंदकेसरी किंवा महाराष्ट्र केसरी. हिंदकेसरीचा पहिला मान १९५९ मध्ये श्रीपती खंचनाळे यांनी मिळवला. पुढच्याच वर्षी तो गणपतराव आंदळकरांकडे आला. ते सांगली जिल्ह्यात शिराळा तालुक्यातल्या पुनवतचे. १९६४ मध्ये मारुती माने, तेही सांगलीचेच, कवठेपिरानचे. राज्य कुस्तीगीर परिषद १९५३ ची. तिने १९६१ पासून महाराष्ट्र केसरी हा किताब सुरू केला. पहिले मानकरी सांगली जिल्ह्याचे दिनकर दह्यारी. तेव्हापासूनची नावांची माळ कुस्तीशौकिनांना तोंडपाठ असते. चहाच्या टपरीवर एकजण वर्ष म्हणतो, दुसरा नाव. मधल्या काही वर्षांसमोर नाव नाही, कारण स्पर्धा झाली नाही किंवा निकाल लागला नाही. त्या वर्षांवरून सगळ्यात जास्त वाद होतात.

तर मी पहिला नियम लिहिला: गदा हवी. आणि लगेच पेन थांबलं. कारण या नियमाने आमच्या सातारा जिल्ह्याचा सगळ्यात मोठा पैलवान बाद होत होता.

खाशाबा जाधव कराडजवळच्या गोळेश्वरचे. जन्म १५ जानेवारी १९२६. वडील दादासाहेब स्वतः पैलवान, त्यामुळे माती घरातच. १९४८ च्या लंडन ऑलिम्पिकमध्ये ते फ्लायवेट गटात सहावे आले. गादीवरची कुस्ती त्यांना नवीन होती, तिचे नियम तिथे जाऊन शिकावे लागले, तरी सहावे. चार वर्षांनी हेलसिंकीला ५७ किलोच्या गटात उतरले. कॅनडा, मेक्सिको आणि जर्मनीच्या मल्लांना हरवलं. सोवियत मल्ल मामादबेयोव आणि जपानचा इशी शोहाची यांच्याकडून हरले. इशीला सुवर्ण मिळालं, मामादबेयोवला रौप्य आणि खाशाबांना कांस्य. तारीख २३ जुलै १९५२. स्वतंत्र भारताचं ऑलिम्पिकमधलं ते पहिलं वैयक्तिक पदक. दुसरं यायला १९९६ उजाडलं, टेनिसमध्ये लिअँडर पेसचं. मधे चव्वेचाळीस वर्षं गेली.

जाण्यासाठी पैसे कसे जमले, ती गोष्ट आमच्या भागात शाळेतल्या मुलालाही माहीत असते. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी घर गहाण ठेवून सात हजार रुपये दिले. बाकीचे लोकांनी वर्गणी काढून जमवले. पदक घेऊन परत आल्यावर कराडपासून गोळेश्वरपर्यंत शंभरावर बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. पायी थोड्या वेळाचा रस्ता, पण मिरवणुकीला तासन् तास लागले म्हणतात. मग पैलवानाने काय केलं, तर कर्ज फेडायला कुस्त्यांची मैदानं भरवली.

आणि या माणसाकडे गदा नव्हती. असायचा संभवच नव्हता. एक तर त्यांच्या उमेदीच्या काळात हे दोन्ही किताब जन्मालाच आले नव्हते. दुसरं म्हणजे गदेची कुस्ती ही वजनदारांची. आजही महाराष्ट्र केसरीचा गट ८६ ते १२५ किलोचा आहे. ५७ किलोचा माणूस त्यात उतरूच शकत नाही. म्हणजे 'महाराष्ट्राचा सर्वश्रेष्ठ पैलवान' असं आपण ज्या यादीला म्हणतो, ती खरं तर वजनदार पैलवानांची यादी आहे. त्यात गैर काही नाही. पण टपरीवर वर्ष आणि नाव म्हणताना हे कुणाच्या ध्यानात येत नाही.

सरकारी याद्यांचंही तेच झालं. अर्जुन पुरस्कार १९६१ मध्ये सुरू झाला. तोवर खाशाबा पोलिसात नोकरीला लागले होते, गुडघ्याच्या दुखापतीमुळे १९५६ चं मेलबर्न हुकलं होतं आणि त्यांचा खेळ संपला होता. चालू खेळाडूंसाठी केलेल्या नियमात जुना माणूस बसेना. १४ ऑगस्ट १९८४ ला रस्त्यावरच्या अपघातात ते गेले. अर्जुन मिळाला तो मरणोत्तर, २००० सालचा. २०१० मध्ये दिल्लीतल्या कुस्तीच्या बंदिस्त मैदानाला त्यांचं नाव दिलं गेलं. आता १५ जानेवारी हा महाराष्ट्रात राज्य क्रीडा दिन आहे. हे सगळं नियम बदलल्यावर झालं. पदक तर १९५२ पासून तेच होतं.

मी भाच्याला म्हटलं, मग ऑलिम्पिक पदक हा नियम करू. त्याने विचारलं, "चौथा आला तर?"

हा प्रश्न त्याने सहज विचारला. त्याला केशव माणगावे हे नाव माहीत असायचं कारण नाही. कोल्हापूरकडचे हे मल्ल खाशाबांबरोबर त्याच हेलसिंकीला गेले होते, फेदरवेट गटात लढले आणि चौथे आले. अमेरिकेचा हेन्सन त्यांच्या पुढे राहिला आणि कांस्य घेऊन गेला. चौथ्या क्रमांकाला मिरवणूक निघत नाही. खाशाबांवर पुस्तकं आहेत, पुतळा आहे, दिवस आहे. माणगाव्यांचं नाव मी कोल्हापूर सोडून इतर ठिकाणी काढलं की लोक विचारतात, कोण? पहिल्या आठाचा नियम लावला, तर हे दोघे एकाच पानावर येतात. पहिल्या तिघांचा लावला, तर एकजण इतिहासात आणि दुसरा गप्पांत. भाच्याच्या कोशातला आठाचा आकडा मला तोवर पोरकट वाटत होता.

'पहिलं वैयक्तिक पदक' म्हणताना मी वर 'स्वतंत्र भारताचं' हे शब्द घातले, तेही उगाच नाहीत. १९०० साली पॅरिसला नॉर्मन प्रिचर्ड नावाच्या धावपटूने दोन रौप्यपदकं मिळवली. जन्म कलकत्त्याचा, वंश इंग्रजी, पुढे हॉलिवुडच्या मूकपटांत गेला. ऑलिम्पिक समिती त्याची पदकं भारताच्या खात्यात धरते. अ‍ॅथलेटिक्सच्या काही नोंदींत तो ब्रिटनचा आहे. त्याचं वर्ष आणि वेळ यांवर कुणाचा वाद नाही, वाद एवढाच की त्याला कोणाच्या यादीत घालायचं.

आणि स्पर्धाच वादात असेल तर? १९६२ च्या जकार्ता आशियाई खेळांत आमच्या सांगलीने कमाल केली. आंदळकरांनी ग्रीको-रोमनमध्ये सुवर्ण आणि फ्रीस्टाइलमध्ये रौप्य घेतलं. मारुती मान्यांनी फ्रीस्टाइलमध्ये सुवर्ण आणि ग्रीको-रोमनमध्ये रौप्य. ग्रीको-रोमनमध्ये कमरेखाली हात लावायचा नाही, पायाचा डाव टाकायचा नाही. पट काढत वाढलेल्या मातीतल्या पैलवानाने ती कुस्ती जिंकावी ही मोठी गोष्ट. पण त्या खेळांवरच सावट होतं. इंडोनेशियाने इस्रायल आणि तैवान यांच्या खेळाडूंना येऊ दिलं नाही. आशियाई खेळांचे एक जनक गुरुदत्त सोंधी यांनी हरकत घेतली की, मग या खेळांना आशियाई खेळ म्हणू नये. त्यावर जकार्तात जमाव भडकला आणि भारतीय वकिलातीवर चालून गेला. वेटलिफ्टिंगची स्पर्धा तर झालीच नाही. सोंधींचा मुद्दा मान्य झाला असता, तर आमच्या दोन पैलवानांची चार पदकं कोणत्या यादीत गेली असती? सोंधींना मी चूक म्हणत नाही. तत्त्वाला धरून ते बरोबर होते. पण कवठेपिरानमध्ये बसून तसं म्हणायला मोठं धाडस लागतं.

ही गोष्ट ऐकून भाच्याने मला त्याच्या जगातली एक सांगितली. तीही जकार्ताचीच, २०१८ ची. त्या आशियाई खेळांत ई-स्पोर्ट्स पहिल्यांदा आले. कच्छमधल्या भुजचा तीर्थ मेहता 'हार्थस्टोन' या पत्त्यांच्या गेममध्ये तिसरा आला आणि कांस्यपदक गळ्यात घालून परतला. पण खेळ प्रात्यक्षिकाचा होता, म्हणून ते पदक देशाच्या अधिकृत पदकसंख्येत मोजलं गेलं नाही. पुढे हांगझोऊच्या खेळांत ई-स्पोर्ट्स पदकाचा खेळ झाला. पाच वर्षं आधी जिंकलेल्याचं पदक मात्र प्रात्यक्षिकाचंच राहिलं. भाचा म्हणाला, त्यांच्यासारख्यांच्या कोशात तीर्थ मेहताला जागा आहे, कारण तिथे सरकारची मोजणी चालत नाही.

त्या पोरांची दुसरी अडचण ऐकून मला खरोखर आश्चर्य वाटलं. मला वाटत होतं, सगळं संगणकावर आहे म्हणजे कायमचं आहे. २०२० च्या सप्टेंबरात पब्जी मोबाइलवर बंदी आली. २०२१ मध्ये त्याच धर्तीचा भारतासाठीचा गेम आला, २०२२ च्या जुलैत तोही दुकानातून काढला गेला, २०२३ मध्ये परत आला. या उघडझापीत लहान स्पर्धा भरवणाऱ्या कितीतरी मंडळींनी गाशा गुंडाळला. त्यांचे निकाल ज्या पानांवर होते ती पानं गेली. तीन वर्षांपूर्वी कोण जिंकलं हे आज सिद्ध करता येत नाही. मी त्याला म्हटलं, बेटा, आमचीही हीच रड आहे, फक्त तीन वर्षांच्या जागी सत्तर वर्षं घाल.

कारण १९६१ पूर्वी आमच्या भागात कुस्तीची यादी म्हणून जे काही होतं, ते जत्रेच्या हँडबिलात. पिवळ्या, गुलाबी पातळ कागदावर छापलेलं, वर ग्रामदैवताचं नाव, खाली 'कुस्त्यांचे जंगी मैदान'. मग जोडी आणि इनाम. शेवटची कुस्ती सगळ्यात मोठ्या इनामाची, मग दोन नंबरची, तीन नंबरची, असं उतरत उतरत नारळावरच्या आणि रेवडीवरच्या कुस्तीपर्यंत. हा त्या काळचा नियम. पैलवान किती मोठा, तर गावाने त्याच्यावर किती रुपये लावले तेवढा. शाहू महाराजांनी १९१२ मध्ये कोल्हापुरात खासबाग मैदान बांधलं तेव्हापासून मोठ्या जोडींचा बोलबाला दूरवर जायला लागला. पण खंडाळा, वाई, फलटणकडच्या जत्रांचा हिशेब हँडबिलातच राहिला आणि जत्रा संपली की त्यात शेंगदाणे बांधले गेले.

इनामाचा नियमही पक्का नव्हता. वर्गणी चांगली जमली त्या वर्षी तोच पैलवान मोठा, दुष्काळात लहान. वर नुरा कुस्ती होतीच, म्हणजे आधी ठरवून खेळलेली. आणि हँडबिलात आडनाव क्वचित. पहिलं नाव, गाव आणि 'अमुक वस्तादांचा पठ्ठा' एवढंच. पैलवान घराण्याने ओळखला जात नव्हता, तालमीने ओळखला जायचा. यादी करणाऱ्याला हे फार जड जातं. एकाच गावचे त्याच नावाचे दोघे निघाले की संपलं.

जाता जाता सांगतो. सावित्रीबाई फुल्यांचं नायगाव आमच्याच तालुक्यात. १८५६ च्या ऑक्टोबरात त्या आजारपणामुळे माहेरी होत्या, तेव्हा जोतीरावांना लिहिलेल्या पत्रात त्यांनी फातिमाचा उल्लेख केला. आपल्या पाठीमागे तिला त्रास पडत असेल पण ती कुरकुर करणार नाही, अशा अर्थाचा. पत्रात नाव तेवढंच, आडनाव नाही. एका ओळीवर माणूस उभा असला की त्याच्या असण्यावरच शंका घेणारे निघतात, तसे अलीकडे निघालेही. हँडबिल हातात घेतलं की मला ते पत्र आठवतं.

महाराष्ट्र केसरीच्या यादीत मात्र नावं पुरी आहेत. १९८० इस्माईल शेख, १९९२ आप्पालाल शेख, २००२ मुन्नालाल शेख. हे तिघे सोलापूरकडच्या बोरामणीच्या एकाच घराण्यातले. २००५ सईद चाऊस. २०१८ करमाळ्याकडचा बाला रफिक शेख. हल्ली कुणी ही नावं वेगळी काढून मोजतं, कुणी अभिमानाने, कुणी दुसऱ्या कारणाने. आमच्या दादांच्या काळात असं मोजलं असतं, तर वस्तादाने दोघांनाही शंभर बैठका मारायला लावल्या असत्या. हनुमानाच्या तसबिरीला नमस्कार करून मातीत उतरणं आणि खुराकाचं दूध नमाजाच्या वेळेनुसार घेणं, या दोन्ही गोष्टी एकाच तालमीत घडत होत्या. त्यात कुणाला काही विशेष वाटत नसे.

यादीचा कायमचा पेच २०२३ ने करून ठेवला. त्या वर्षी नोव्हेंबरात दोन संघटनांनी दोन महाराष्ट्र केसरी स्पर्धा भरवल्या. पुण्याजवळ फुलगावला मोहोळच्या सिकंदर शेखने शिवराज राक्षेला काही सेकंदांत आसमान दाखवलं. मग काही दिवसांनी धाराशिवला दुसरी स्पर्धा झाली, तिथे राक्षेने हर्षवर्धन सदगीरला हरवून गदा घेतली. म्हणजे एकाच महिन्यात हरलेला आणि जिंकलेला, दोघेही महाराष्ट्र केसरी. टपरीवर '२०२३' म्हटलं की आता दोन नावं येतात आणि मग चहा थंड होतो. त्याच वर्षी मार्चमध्ये सांगलीला महिलांची पहिली महाराष्ट्र केसरी झाली आणि सांगलीच्याच प्रतीक्षा बागडीने ती जिंकली. बासष्ट वर्षं या यादीत बाईचं नाव नव्हतं, आणि कुणी नियम असा लिहिलेलाही नव्हता. मैदानच नव्हतं.

तर मी नियम लिहिले. वजनाचा कोणताही गट चालेल, बाई-पुरुष असा भेद नाही. राज्य किंवा त्यावरच्या स्पर्धेत पहिल्या आठात आलेला. किंवा १९६१ पूर्वीचा असेल तर जत्रेच्या पहिल्या तीन नंबरच्या कुस्त्यांपैकी निदान एक निकाली जिंकलेला, आणि त्याला घरच्यांच्या आठवणीपलीकडे काही आधार असलेला. दोन संघटनांचा वाद असेल तर दोन्ही नावं. आणि भाच्याचा शेवटचा नियम, नात्यातल्या माणसाचा निर्णय आपण घ्यायचा नाही.

हा शेवटचा नियम लिहिताना मला माहीत होतं मी काय लिहितोय. सत्त्याण्णव नावांत एक माझ्या दादांचं होतं. मीच लिहिलं होतं, वहीच्या पहिल्या पानावर.

आमच्या घरी पत्र्याच्या ट्रंकेत १९५८ चं एक हँडबिल आहे. शेजारच्या तालुक्यातल्या जत्रेचं. दोन नंबरची कुस्ती, इनाम रुपये १०१, आणि जोडीत दादांचं नाव, गाव खंडाळा. लहानपणापासून आम्ही ऐकत आलो की, अठराव्या मिनिटाला दादांनी पोकळ घिस्सा मारला आणि लोकांनी फेटे उडवले. अब्बा ही गोष्ट सांगताना उठून उभे राहायचे आणि उशीला धरून डाव करून दाखवायचे.

मी हँडबिल पंचमंडळींपुढे ठेवलं आणि बाहेर ओट्यावर जाऊन बसलो. अर्ध्या तासाने आत बोलावलं. त्यातल्या एका निवृत्त मास्तरांनी कागद उलटसुलट केला होता. ते म्हणाले, "हे मैदानाच्या आधी छापलेलं आहे. कुस्ती ठरली होती एवढं यावरून कळतं. निकाल कुठाय?"

पन्नास वर्षं तो कागद आमच्या घरात आहे आणि ही साधी गोष्ट कुणाच्या डोक्यात आली नव्हती. मला राग आला, खोटं कशाला सांगू. पण नियम माझ्याच अक्षरात समोर होता.

हँडबिलातला दुसरा पैलवान ज्या गावचा, ते गाव गाठलं. त्यांची नातवंडं भेटली, चहा पाजला, आग्रहाने जेवायला बसवलं. त्यांच्याकडेही तेच हँडबिल होतं, फ्रेममध्ये. नातवाने अभिमानाने सांगितलं, दोन नंबरची कुस्ती आमच्या आजोबांनी मारली, एकचाक डावावर, बाराव्या मिनिटाला. मी काही बोललो नाही. निघताना त्याने विचारलं, तुमच्याकडे काय सांगतात? मी सांगितलं. दोघेही हसलो. मग त्याची आजी आतून म्हणाली की, तिला लग्नानंतर सासूने सांगितल्याचं आठवतं, ती कुस्ती अंधार पडला म्हणून बरोबरीत सोडवली होती.

फळ्यावर एकोणीस नावं गेली. ती इथे देत नाही, कारण सगळ्यांच्या घरच्यांना अजून विचारून झालेलं नाही. दादांचं त्यात नाही, आणि एकचाकवाल्या आजोबांचा तालुकाच वेगळा. गावात दोन घरं माझ्याशी बोलत नाहीत, त्यातलं एक माझ्या चाचांचं. पाच ओळी शिल्लक आहेत, कोरणाऱ्याचे पैसे आधीच दिलेले आहेत.

खंडाळा, वाई, फलटण, भोर या भागातलं १९६१ पूर्वीचं हँडबिल कुणाच्या ट्रंकेत, पोथीत, देवघराच्या फळीखाली असेल तर मला त्याचा फोटो पाठवा. मागच्या बाजूला कुणी पेन्सिलीने निकाल लिहून ठेवला असेल, तर दोन्ही बाजूंचा.